मोडक्या शिंगाचा रेडा

चूल्वेदादा,

रानरेडा मारायला टांझानियात जावं, मोझांबिकला की आपल्या झांबियात, हे लुसाकाच्या ऑफिसात बसून तू गोऱ्या पाहुण्यांना ठरवून देतोस. म्हणून तुलाच फोन केला होता, की आपल्या मक्यात रोज एक रेडा घुसतोय, एखादा शिकारी इकडे पाठव. तू विचारलंस, "शिंगं किती रुंद आहेत?" मी मूर्ख, खरं सांगून बसले, की एक मोडलंय.

"अगं वेडे, मोडकं शिंग भिंतीवर कोण टांगणार?" म्हणून तू हसलास, आणि आलेल्या पाहुण्याला दूर लुआंग्वाच्या खोऱ्यात धाडलंस.

दहाव्या दिवशी आई कणसं काढायला गेली आणि रेड्याने तिला गाठलं.

मयताला येताना तू त्याच पाहुण्याने मारलेल्या रेड्याचं मांस घेऊन आलास. बायका म्हणाल्या, "मुलगा सढळ हाताचा हो!" मी मक्याचा न्शिमा कोरडाच गिळला.

हे पत्र धाडणार नाही, तू पुन्हा हसशील. पण पुढच्या पाहुण्याला खुशाल सांग, आपल्या रेड्याचं दुसरं शिंग चांगलं शाबूत आहे. आईच्या पोटात तेच घुसलं.

तुझीच वेडी बहीण,
मुतिंता