अकरा हजार प्रदक्षिणा

अमरावती,
५ सप्टेंबर १९६७

प्रिय चारू,

तुला आणि दोन्ही लेकरांना अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग. तुझं पत्र काल दुपारी मिळालं. पहिलं पान वाचून इतका आनंद झाला की देवळात आलेल्या दोघा-तिघांना मी उगाचच जास्तीचा प्रसाद दिला. सहा महिने रोज पहाटे मोर्णा नदीच्या काठानं चालून तू वजन उतरवलंस, डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि हर्नियाच्या ऑपरेशनला सोळा तारीख दिली. लहानपणी तुला दळण आणायला पाठवलं तर वाटेत तीन ठिकाणी बसायचीस, ती तू रोज दोन मैल चालतेस यावर माझा अजून नीट विश्वास बसत नाही. मग मी दुसरं पान उलटलं. त्यात तू लिहिलंस की सोळा तारीख महिनाभर पुढे ढकलायचा तुझा विचार आहे, आणि का, तेही लिहिलंस. रात्रभर विचार केला आणि आज सकाळी पूजा आटोपून हे लिहायला बसलो आहे. तुला हे पत्र दोन-तीन दिवसांत मिळायला हवं, म्हणून अक्षराकडे पाहू नकोस.

आधी तुझ्या आईबद्दल लिहितो. अकरा वर्षं तुझ्याशी मी तिच्याबद्दल धड बोललो नाही. तू अकोल्याला गोवर्धनमामाकडे वाढलीस, मी सणासुदीला येऊन तुला फ्रॉकचं कापड द्यायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचो. मुलीला बाप नको होता असं नव्हे, बापालाच मुलीसमोर बसवत नव्हतं.

सुभद्राला हाच त्रास होता. तुझ्या पाठचा भाऊ झाला आणि सहा दिवसांत गेला, त्यानंतर तिच्या बेंबीपाशी गोळा दिसू लागला. खोकली की वर यायचा, आडवी झाली की आत जायचा. पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं तेव्हा एकशे ब्याण्णव पौंड भरले. ते म्हणाले, एवढ्या वजनावर टाके टिकणार नाहीत आणि भूल देणंही धोक्याचं. आधी तीसएक पौंड उतरवा, आठ-नऊ महिने लागतील. रोज दोन मैल चालायचं, उताणं पडून पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायचे, तेलतूप कमी. आणि गोळा एखाद्या दिवशी आत गेलाच नाही, तर तासभरही न थांबता घेऊन या, असं मला दोनदा बजावलं. घरकामात चालणं होतंच की, असं मी म्हणालो, तर म्हणाले, पंडितजी, घरकाम वेगळं आणि चालणं वेगळं.

घरी येऊन हे मी तुझ्या आजीला सांगितलं. पार्बताबाईंचा दरारा तुला आठवत असेल. ती ताटातली तूर निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, "दिवसभर घरात चालून ऱ्हायली ते काय कमी हाय? भटाची सून रिकाम्या हातानं रस्त्यानं कावून फिरन? लोक काय म्हनतीन?" खरं तर तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पण तुझा बाप लोकांच्या घरी जाऊन खणखणीत आवाजात मंत्र म्हणणारा आणि स्वतःच्या घरी आवाज न फुटणारा माणूस. मला त्याहून सोपी युक्ती सुचली आणि माझ्या हुशारीवर मी खूशही झालो.

आपल्या दत्ताच्या देवळाला चांगलं ऐसपैस अंगण आहे. एका दुपारी, देवळात कुणी नाही असं पाहून, मी ते दोरीनं मापलं. एक फेरी सत्तर यार्डांची, म्हणजे एक्कावन्न फेऱ्यांत दोन मैल झाले. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी मी आईला सांगितलं की एका जुन्या पोथीत मला एक व्रत सापडलं आहे. पोटाच्या दुखण्यासाठी दत्ताला अकरा हजार प्रदक्षिणा, रोज एक्कावन्न, पहाटे, अनवाणी. अकरा हजार हा आकडा मी डॉक्टरांच्या आठ-नऊ महिन्यांवरून काढला होता; बाजूला बसायचे दिवससुद्धा मी त्यातून वजा केले होते. आईनं पोथीच्या नावाला हात जोडले आणि सुनेला स्वतः नवीन लुगडं काढून दिलं. व्रत खोटं आहे हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. सुभद्रा त्या दिवशी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिचा गोळा वर आला.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. मी काकडआरती करायचो आणि ती बाहेर फिरत असायची. चुकू नये म्हणून ओट्यावर एकेक चिंचोका टाकायची. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण रोज तासभर ती माझ्या नजरेसमोर आणि घराच्या बाहेर, असं कधी झालं नव्हतं. माझ्यासमोरून जाताना हळूच म्हणायची, "पंडितजी, कोन्त्या पोथीत हाय हे, मलेबी दाखवा कधी." एवढी चेष्टा तिनं आईसमोर कधी केली नसती.

पण व्रत म्हटलं की त्यामागून उपास येतो, हे मी, भिक्षुकी करणारा माणूस, विसरलो. आई म्हणाली, दत्ताचं आहे तर गुरुवार हवाच. मग शनिवार आला, एकादशी तर होतीच. आणि उपास म्हणजे तुझ्या आजीच्या हातची साबुदाण्याची खिचडी, तुपात परतलेली रताळी, शेंगदाण्याचे लाडू. सून देवासाठी पाय झिजवते म्हणून आई तिला समोर बसवून वाढायची. तिचा हात प्रेमाचा होता, आईला मी दोष देत नाही. चौथ्या महिन्यात काट्यावर चार पौंड वाढलेले निघाले. डॉक्टर चिडून सुभद्राला म्हणाले, बाई, घरी खाता तरी काय? ती माझ्याकडे पाहू लागली. मी काट्याकडे पाहत राहिलो. परत येताना वाटेत ती एवढंच म्हणाली, "तुमी आईले सांगा, मले उपासाले ताक पुरते. आजारी माणसाले उपास नसतो, हे तुमीच साऱ्याईले सांगता ना." अगदी खरं होतं. दुसऱ्यांच्या घरी मी ते शंभर वेळा सांगितलं होतं. आपल्या घरी सांगितलं असतं तर आईनं विचारलं असतं, कोणत्या पोथीत आहे ते दाखव. मी सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही.

मग तिनंच वाट काढली. तुला आठवतं का, शाळेतून आल्यावर मागच्या दारी ती तुला पदराखालून खिचडीची वाटी द्यायची? आईचा आपल्यावर किती जीव, असं तुला वाटायचं, आणि जीव होताच. पण ती खिचडी तिच्याच ताटातली असायची. आजी पाणी आणायला उठली की ती ताट रिकामं करायची आणि स्वतः ताकावर दिवस काढायची. पुढचे चार महिने तिनं असे काढले. श्रावणात तिच्या पायाला भेगा पडून रक्त यायचं, तरी एक दिवस चुकवला नाही. ऑगस्टच्या शेवटी काट्यावर एकशे साठ पौंड भरले. डॉक्टरांनी काटा पुन्हा तपासला. मग तिला शाबास म्हणाले आणि सोमवारी भरती व्हा असं सांगितलं. चारू, हे तू दोनदा वाच. तुझ्या आईनं वजन उतरवलं होतं.

घरी आलो आणि आईनं चिंचोके मोजले. अजून चारशेच्या आसपास प्रदक्षिणा, म्हणजे आठ दिवस बाकी होते. "देवाचं अर्धं सोडून पोटाले चाकू लावता का? माह्या घरात हे नाई चालनार," आई म्हणाली. सुभद्रा उंबऱ्यापाशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. खोटं माझं होतं, ते मोडणंही माझ्याच हातात होतं. एका वाक्याचं काम होतं. फार तर आईनं मला दोन दिवस बोलून सोलून काढलं असतं आणि गावात माझ्या पोथीवरचा विश्वास उडाला असता. मी म्हणालो, आठच दिवस तर आहेत, आठ महिने गेले तिथे आठ दिवस काय. सुभद्रा आत गेली. मला माझी लाज वाटते, आणि सगळ्यात जास्त त्या क्षणाची वाटते.

तिला मात्र थांबायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ फिरू लागली, रोज सव्वाशे, जवळजवळ पळतच. सोमवार नाही तर निदान गुरुवार गाठू, असं तिनं मला सांगितलं. मी तिला बस म्हणालो नाही. तिसऱ्या संध्याकाळी ती औदुंबरापाशी पोट धरून खाली बसली. गोळा दगडासारखा झाला होता आणि आत जाईना. आईनं शेक दिला, ओवा दिला, उतरेल म्हणाली. तासभरही थांबू नका हे ज्याला बजावलं होतं तो मी सकाळपर्यंत थांबलो. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं, पण आतलं आतडं काळं पडलं होतं. दोन दिवसांनी ती गेली.

गोवर्धन अकोल्याहून आला तेव्हा त्यानं विचारलं, ऑपरेशन आधी का नाही केलं? मी म्हणालो, वजन उतरलं नाही, डॉक्टर तयार होत नव्हते. बस, एवढंच बोललो. तेराव्याला तो चार माणसांत म्हणाला की ताईले तोंडावर आवर नव्हता. तू माझ्या शेजारी बसली होतीस. त्या दिवशी तू पानातला लाडू बाजूला सारलास आणि पुढे वर्षभर गोडाला शिवली नाहीस असं मामी सांगायची. ते मी ऐकलं आणि तरीही गप्प राहिलो. बायको गेली ती माझ्या भित्रेपणानं, आणि गेल्यावर तिचं नाव खराब झालं तेही माझ्याच तोंडानं.

यापुढचंही तुला सांगायलाच हवं. व्रत अपुरं राहिलं म्हणून दत्तानं नेली, असं गावात पसरलं, आणि त्यामुळेच बायकांची त्या व्रतावर श्रद्धा बसली. पहिल्यांदा मैनाबाई फुलवाली विधी विचारायला आली. मी तिला सांगितला. पुढे आणखी आल्या. मूर्तिजापूरपर्यंत गेलं, आणि आता अकोल्यात तुझ्या शेजारणी करतात. व्रत अर्धं सोडलं की दत्त नेतो, ही तू पत्रात लिहिलीस ती कहाणी मी रचलेली नाही, ती लोकांनी जोडली, पण मी कुणाला अडवलंही नाही. इथल्या बायकांना मी उद्यापासून खरं सांगायला लागणार आहे. तुझी आजी आता नाही, तेव्हा हे शौर्य काही फार मोठं नाही, ते मला कळतं.

आता तुझ्या दुसऱ्या पानाचं उत्तर. तू मला अकरा हजारांच्या व्रताचा विधी मागितलास. आईच्या राहिल्या असतील तेवढ्या प्रदक्षिणा उपास धरून पुऱ्या करते, तिचं ऋण फेडते, आणि मगच ऑपरेशन करून घेते, असं लिहिलंस. किती राहिल्या होत्या, तेवढं कळवा म्हणालीस. चारू, एकही राहिली नव्हती. दोन मैल चालायचे आणि तीस पौंड उतरवायचे एवढंच तिला सांगितलं होतं, आणि ते तिनं पुरं केलं होतं. उरलेल्या सगळ्या माझ्या होत्या. तू सोळा तारखेला दवाखान्यात जा. मी पंधराला पोहोचतो. मला घरात घेशील की नाही ते तू ठरव, पण तू आत असशील तितका वेळ मी दवाखान्याच्या बाहेर बसून राहीन.

तुझाच,
नाना