फुलं माझी आहेत

इपोह, १२ ऑगस्ट

लाडक्या अक्कास,

धाकट्या कयलचा वाकून नमस्कार. भावोजींचा खोकला थांबला का? इथे ऊन मी मी म्हणतंय.

डायलिसिस केंद्राच्या मदतीचा कार्यक्रम काल पार पडला. प्रमुख पाहुणे दातुक नेहमीसारखे उशिरा आले आणि मान्यवरांना शाली पांघरण्यात जेवण गार झालं. पण हॉल गच्च होता, नवं यंत्र नक्की येईल. मुकिलनला शेवटपर्यंत जपणाऱ्या सिस्टर्स पहिल्या रांगेत होत्या. त्यांच्यासाठीच मी भरतनाट्यम करायचं कबूल केलं होतं. तो गेल्यावर पहिल्यांदाच.

पोशाख घातला, डोळे रेखले, पण मोगरा माळला नाही. विधवेच्या केसांत फूल दिसलं की आपली माणसं काय बोलतात ते तुला ठाऊक आहे. शिवाय मुकिलनच्या सोळाव्या दिवसाच्या विधीला माझ्या सासूबाईंनी, अत्तैंनीच माझा गजरा काढला होता. त्यावरून तुझं त्यांच्याशी वाजलं, तो अबोला आजतागायत.

आणि काल त्याच अत्तै फुलांची टपरी बंद करून रंगपटात हजर. मला न्याहाळलं नि पिशवीतून गजरा काढला. मी मागे सरले.

"गप उभी राहा," त्या म्हणाल्या. "जन्मभर अख्ख्या इपोहच्या वेण्या ओवल्या मी. माझीच सून बोडक्या अंबाड्यानं नाचली तर उद्या माझ्याकडून गजरा घेईल कोण?"

आणि त्यांनीच तो माझ्या अंबाड्यात माळला. नवरा गेल्यापासून त्यांनी स्वतःच्या डोक्यात कळीसुद्धा घातलेली नाही.

विंगेत कमिटीच्या पार्वतम्मा कुजबुजल्याच. अत्तै वळल्या. "फुलं माझी आहेत. बोलायचं तर माझ्याशी बोल."

अक्का, मी नाचले. मध्येच चुकले, सावरले, पण नाचले. भूमीला नमस्कार करायला वाकले तेव्हा मोगऱ्याचा वास आला आणि डोळे भरून आले.

तू जोहोरला माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीस, आणि मी उत्तर टाळतेय. मी येत नाही, अक्का. रागावू नकोस. ती खोली आहे, एवढ्या आधारावरच मी हे वर्ष काढलं, ते उपकार फिटायचे नाहीत. पण अत्तैंना पहाटे फुलं ओवायला जोडीला माणूस हवं, आणि मलाही त्या हव्यात.

दिवाळीला तूच ये. त्यांच्याशी बोल. आज सकाळी ओवता ओवता, मान वर न करता विचारत होत्या, तुझ्या अक्काचे केस अजून तेवढेच लांब आहेत का.

तुझी, आणि आता त्यांचीही,
कयल