आजोबांच्या गाण्याचा शेवट

सांतियागो, मंगळवार

एवेलियोदादा,

काल आमच्या ताफ्याच्या, म्हणजे 'सोन' हे इथलं लोकसंगीत गाणाऱ्या आमच्या मंडळींच्या, तालमीला माद्रिदहून एक पाहुणा रेकॉर्डर घेऊन आला. त्याने नेमकं आजोबांचंच गाणं मागितलं. ते आम्ही अजून लोकांपुढे आणलेलंच नाही, घराबाहेर ते फक्त तुलाच ठाऊक, म्हणून मला तुझाच संशय आला. तिकडे माद्रिदला ते तू स्वतःच्या नावावर खपवशील! मी मुद्दाम शेवटचं कडवं चुकीचं गायले. बोंगोवाला फिदेन्सियो कानात पुटपुटला, "बाई, लबाड आहेस!"

निघताना पाहुणा म्हणाला, "तुम्ही शेवट बदलणार, हे एवेलियोने सांगितलंच होतं. म्हणाला, 'बदलू दे. मला फक्त तिचा आवाज आणून दे.'"

हाही तुझा डावच असेल. म्हणून हे पत्र टाकणार नाही. पण आज खरं कडवं मी एकटीच, तू समोर ऐकत असल्यासारखं गायले.

अजून रागावलेली,
ओदालिस