खेकड्याच्या पोटातला ज्ञानेश

बोईसर, रविवार

तीर्थस्वरूप पंढरीमामा यांच्या चरणी भाचा ज्ञानेश याचा साष्टांग नमस्कार. (आईही पाठीमागून 'माझाही नमस्कार लिही' म्हणाली. मग तिच्या लक्षात आले की आपण थोरली बहीण आहोत, म्हणून तिचा आशीर्वाद समजावा.) तुमचा गुडघा आता कसा आहे? निर्गुडीचा शेक रोज घेता, की मामी बघत असतात तेवढ्यापुरताच घेता? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असे लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून लिहितो. आई खुशाल आहे. माझे तसे नाही आणि त्याचे कारण तुमचे पुस्तक आहे. पण ते क्रमाने सांगतो, कारण एकदम सांगायला गेलो की वेलांट्या बिघडतात.

तुम्ही फोनवर म्हणालात की 'अष्टपाद आक्रमण'ची दुसरी आवृत्ती काढायची आहे, तिच्या मागच्या पानावर वाचकांचे अभिप्राय छापायचे आहेत, आणि बोईसर हा कारखान्यांचा भाग असल्यामुळे इथल्या लोकांना विज्ञानाची जाण असणार, तर त्यांची मते गोळा करून स्वच्छ अक्षरात पाठव. पाठवतो. पण त्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो, म्हणजे पुढचे वाचताना ती मनात राहील. अर्चनाच्या घरून अजून होकार आलेला नाही. (अर्चना म्हणजे झुंबरराव सुभेदारांची मुलगी. माणसे आपल्याच अकोल्याकडची. ती इथे एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. झुंबरराव फौजेतून निवृत्त होऊन आता एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षाप्रमुख आहेत.) पोह्यांचा कार्यक्रम चांगला झाला. मी मध्येच पाणी प्यायच्या निमित्ताने उठून त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो, एवढे सोडले तर माझ्या हातून काही चूक झाली नाही. (आई त्याबद्दल अजून बोलते आहे.) झुंबरराव 'विचार करून कळवतो' म्हणाले. तेवढ्यावर उठायचे होते. पण आईला भावाचे कौतुक. तिने पिशवीतून तुमचे पुस्तक काढले आणि 'तुम्ही फौजेतले, माझ्या भावानं फौजेवरच लिहिलंय' म्हणून त्यांच्या हातात ठेवले.

मामा, तुम्ही अर्पणपत्रिकेत काय लिहिले आहे ते तुम्हाला आठवत असेलच. 'माझा भाचा चि. ज्ञानेश यास. या कथेतील शिपाई ज्ञानेश तोच आहे.' आणि हा शिपाई ज्ञानेश तिसऱ्या प्रकरणात काय करतो? किनाऱ्यावर पहाऱ्याला उभा असतो. पाण्यातून हत्तीएवढा खेकडा डोळा वर काढतो. ज्ञानेश बंदूक टाकून पळत सुटतो. बरे, पळाला तर पळाला, निदान वाचायचे तरी! पण छावणीत चहाचा गॅस चालू राहिला म्हणून तो अर्ध्या वाटेवरून परत फिरतो, आणि शेगडीच्या बटणावर हात असतानाच खेकडा त्याला गिळतो. म्हणजे भित्रा तर भित्रा, वर वेंधळा. आणि या पुस्तकाची मुद्रिते मीच तपासली! मी अकरावीत शाळा सोडली असली तरी माझे शुद्धलेखन चांगले म्हणून तुम्ही ते काम मला दिलेत, आणि मी ऱ्हस्व-दीर्घ बघण्याच्या नादात गोष्ट वाचलीच नाही. त्यामुळे माझी बेअब्रू झाली आहे, पण तिच्यात एकही चूक नाही. (एक मिनिट. गॅस बघून आलो. बंद होता.)

आता अभिप्राय. पहिला जमुनाताईंचा. त्या मुरब्याहून बोईसरच्या बाजारात मासे घेऊन येतात. दुपारची गिऱ्हाइके पांगल्यावर मी त्यांना तुमची शेवटची लढाई वाचून दाखवली. पौर्णिमेचे टिपूर चांदणे, किनाऱ्यावर राक्षसी खेकडे आणि आपले जवान तोफा डागत आहेत, हे वाचताना माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला. जमुनाताई म्हणाल्या, "पुनवेला? अरे बाबा, पुनवेची चिंबोरी पोकळ! तिच्यात काय हाय? नुसती कवटी. तोफा कशाला, काठी मारली तरी फुटंल. अवसेची चिंबोरी भरलेली. तुज्या मामाला सांग, आदी अवस बग, मग लढाई कर." मी म्हणालो की अमावास्येला जवानांना दिसणार कसे. त्यावर त्या म्हणाल्या, "आमाला दिसतं ते?" पुढे त्यांनी अशीही शंका काढली की तुमचा खेकडा पहिल्यांदा दिसतो तो आषाढात, खोल समुद्रात, एका होडीवरच्या माणसाला. आषाढात मुरब्याच्याच काय, साऱ्या किनाऱ्याच्या होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेआधी दर्यात कोणी जात नाही. "मग त्याला बगितला कोणी? होडीच नाय, मानूस नाय, तर खेकडा बी नाय," असे म्हणून त्यांनी पुस्तक पहिल्याच प्रकरणात संपवून टाकले आणि बोंबलाचे वाटे लावायला घेतले. हा अभिप्राय मागच्या पानावर कसा बसवायचा ते तुम्ही ठरवा.

दुसरा अभिप्राय आमच्या पॅकिंग खात्यातला. (तुम्हाला माहीत आहे, मी तिथे पिंपांवर लेबले चिकटवतो. आजवर एकही लेबल तिरके गेलेले नाही.) जेवणाच्या सुट्टीत मी दुसरे प्रकरण वाचले. त्यात धोक्याचा भोंगा वाजतो आणि सारे शहर जीव घेऊन पळते. तिथे सगळे हसले. मामा, बोईसरमध्ये भोंगा झाला की कोणी पळत नाही. डबा उघडतात, नाहीतर बंद करतात. विक्रमगडकडचा झिपरू माल भरायला असतो, भातलावणीला घरी जातो. तो म्हणाला, "खेकडा हत्तीएवढा, तर त्याला मारून टाकून दिला कसा? आमचा पाडा पोटभर जेवला असता. तुमच्या मामानं आख्ख्या पुस्तकात खेकडा कोणाला खाऊ दिला नाय, ह्ये काय बरोबर नाय." आमच्याच खात्यातल्या मिथुनला मराठी थोडेच समजते, पण त्याने एवढे विचारले की हे फौजी रात्रंदिवस लढतात तर त्यांना "ओवरटाइम मिलता है क्या?" मी नाही म्हटल्यावर त्याचा गोष्टीतला रस गेला. ज्ञानेशचे प्रकरण मी वाचले नाही. वाचायची गरजही पडली नाही, कारण अर्पणपत्रिका कोणीतरी आधीच बघितली होती. परवा कॅन्टीनमध्ये खेकड्याचे कालवण नव्हते, तरी झिपरूने मला ताट पुढे करून "आता बदला घे" म्हटले.

हे सगळे मी सहन केले असते. पण झुंबरराव अजून तिसऱ्या प्रकरणाच्या अलीकडे असतील, अशी एक आशा मला झोपू देईना. म्हणून मी एक बेत केला. तुम्ही पाठवलेल्यांपैकी एक कोरी प्रत घेतली, तिच्यातली तिसऱ्या प्रकरणाची पाने कडांना लेबलाचा डिंक लावून एकमेकांना चिकटवली (छापखान्यात असे होते कधीकधी), अर्पणपत्रिकेचे पानही मागच्या पानाला चिकटवले, आणि झुंबररावांच्या कारखान्याच्या गेटवर गेलो. तिथे आमच्या चाळीतला विनोद गार्ड आहे; साहेब पुस्तक ड्युटीवर आणून वाचतात हे त्यानेच सांगितले होते. मी त्याला म्हणालो की साहेबांच्या केबिनमधले पुस्तक आण आणि त्या जागी हे ठेव. विनोद म्हणाला, "आणतो की. गेटपास दे." मी म्हणालो, पुस्तकाला कसला गेटपास? तो म्हणाला, "आत आलेली वस्तू बाहेर काढायची तर गेटपास लागतो. पुस्तक असो नायतर पंप. मागं एकाचा जावई घरून आणलेला पंखा परत नेताना अडकला होता, तो अजून आतच हाय." मग गेटपासवर सही कोणाची लागते, असे मी विचारले. "सुरक्षाप्रमुखांची." मामा, म्हणजे झुंबररावांचे पुस्तक झुंबररावांच्या नकळत पळवायला झुंबररावांचीच सही हवी! मी विनोदला समजावत होतो तेवढ्यात मागून बूट वाजले.

झुंबररावांनी माझ्या हातातली प्रत बघितली आणि विचारले, "हे काय?" मी म्हणालो, "जास्तीची प्रत. भेट." त्यांनी ती घेतली. (म्हणजे आता त्यांच्याकडे दोन झाल्या.) मग मला केबिनमध्ये बसवून त्यांनी अभिप्राय दिला. तुम्ही मागितलाच आहे, म्हणून जसाच्या तसा देतो. खेकड्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. "तसला प्राणी असू शकतो, मी सीमेवर बरंच काही बघितलंय," म्हणाले. तक्रार जवानांबद्दल आहे. तुमच्या पुस्तकात लढाईआधी कोणी हजेरी घेत नाही आणि मेजर खिशात हात घालून बोलतो. "आणि पहारेकरी जागा सोडतो. काय नाव त्याचं?" मामा, नाव त्यांना माहीत होते. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचे होते, हे मला कळले. मी एवढेच म्हणालो, "पुढे तो मरतो, साहेब." ते म्हणाले, "पळाला ना? तिथंच मी पुस्तक मिटलं. पळालेल्याचं पुढं काय वाचायचं?" मी म्हणायला हवे होते की तो परत येतो. पण परत येतो तो गॅस बंद करायला, आणि हे फौजेतल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचे? मी नमस्कार केला आणि उठलो. गेटवर विनोदने माझी पिशवी तपासली.

तर असे हे अभिप्राय. मला स्वतःला पुस्तक कसे वाटले, तेही तुम्ही विचारले होते. भाषा शुद्ध आहे. खेकडा उत्तम आहे. मामींना नमस्कार सांगावा, गुडघ्याची काळजी घ्यावी आणि भाच्यावर माया असावी, निदान त्याला पुन्हा कोणाच्या तोंडी देऊ नये, ही विनंती.

आपला,
ज्ञानेश

ता. क. वरचे सगळे अभिप्राय म्हणजे नुसती प्रस्तावना समजा, खरे मागणे हे आहे. दुसऱ्या आवृत्तीत त्या शिपायाचे नाव बदलावे. विनोद ठेवा, त्याने काही बिघडत नाही. आणि झुंबररावांना आजच्या आज पत्र लिहून कळवावे की पुस्तकातला ज्ञानेश तुमचा दुसरा कोणीतरी भाचा आहे. (आईला दुसरा मुलगा नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून मामींच्या माहेरचा दाखवा.) तेवढेही जमणार नसेल तर खेकड्याला निदान मी एक लाथ तरी मारतो असे करा.

ता. क. २. सोमवार. शुद्धलेखन पुन्हा तपासण्यासाठी पत्र टपालात टाकायचे थांबलो होतो, ते बरे झाले. आज अर्चनाचा फोन आला. झुंबररावांनी ती भेटीची प्रत तिला दिली होती. तिने पहिल्यांदा विचारले, "पानं तुम्ही चिकटवलीत ना?" मी छापखान्याचे नाव सांगितले. ती म्हणाली, "छापखान्यात इतकं सरळ कोणी चिकटवत नाही. चारही कोपरे जुळलेले. मी लॅबमध्ये वाफेवर धरून उकललीत, म्हणून तेवढंच प्रकरण वाचलंय." मामा, सबंध पुस्तकातले तेवढेच! मग ती म्हणाली, "आमच्याकडं मॉक ड्रिलचा भोंगा झाला की सगळे पळतात. मैदानात हजेरी होते, साहेब शाबासकी देतात. परत येऊन बघावं तर माझ्या शेजारच्या टेबलावरचा बर्नर तसाच चालू. दर वेळी. तुमच्या मामांच्या पुस्तकात गॅस बंद करायला परत फिरणारा एकच माणूस भेटला, आणि त्याला त्यांनी खेकड्याला घातला." मी म्हणालो की तो भित्रा आहे. ती म्हणाली, "हो, आहे ना. भ्यायला तरी परत फिरला. न भिणाऱ्यांचं काय कौतुक?" आणि मग, "आमच्या घरी आला होतात तेव्हा पाणी प्यायला आत गेलात आणि पाणी न पिताच आलात. रेग्युलेटर बंद करून आलात. मी दारातनं बघत होते."

तो खरोखरच चालू राहिला होता, मामा. मी आईलाही सांगितले नव्हते.

तिने ते प्रकरण झुंबररावांना मोठ्याने वाचून दाखवले. ते म्हणाले, "जागा सोडली ती सोडलीच. पण परत आला, हे आधी कोणी बोललं का नाही?" संध्याकाळी ते आईशी बोलायला येणार आहेत. आई आत्तापासूनच पोहे भिजवायला निघाली होती, तिला थांबवले आहे.

तेव्हा वरचा पहिला ता. क. रद्द समजावा. नाव बदलू नये. एक वेलांटीही हलवू नये. लाथ नको. फक्त अर्चनाचे एक म्हणणे आहे आणि ते मलाही पटते. दुसऱ्या आवृत्तीत शेवटच्या लढाईत खेकडा फुटेल तेव्हा त्याच्या पोटातून ज्ञानेश जिवंत निघावा. लढाई पौर्णिमेचीच आहे, म्हणजे जमुनाताईंच्या हिशेबाने खेकडा आतून पोकळ, त्यामुळे त्याला राहायला जागा भरपूर झाली असेल. घाई करा असे म्हणत नाही, पण साखरपुड्याच्या आत निघाला तर बरे.

(पाकीट चिकटवण्याआधी गॅस बघून आलो. चालू होता. आईने पोह्यांना फोडणी टाकली आहे.)