उतरलेला सेल

तीर्थरूप बाबा,

वाकून नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचा खोकला कसा आहे?

हृदयाचे ठोके दाखवणारी चाळीस यंत्रं मी तपासून, दवाखान्यांना पाठवायला हरकत नाही अशी सही केली होती. काल सहज एकात वापरलेली बॅटरी घातली, तर पडद्यावर ठोक्यांची टोकं सपाट! व्होल्टेज उतरलं की ॲम्प्लिफायरला तेवढं उंच जाताच येत नाही. मी सगळी नव्या बॅटरीवरच तपासली होती. तुम्ही मात्र दुरुस्त केलेला रेडिओ आधी उतरलेल्या सेलवर वाजवून बघायचात.

आज साहेबांना सांगितलं. "गाडी दारात उभी आहे बाई, आणि तुम्हाला आत्ता आठवतंय?" मी सही खोडली आणि गाडीतली खोकी उतरवून घेतली.

नोकरीचं उद्या कळेल. आईला तूर्त जेवणाचंच सांगा.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
धाकटी