बॉबिनांखालचं कार्ड

बाळा,

"किती ते प्रश्न! बाळंत व्हायला चाललेय की नोकरीला?" असं काल दवाखान्याचा फॉर्म भरताना तू पुटपुटलीस. मी शेजारीच बटणं लावत होते. 'आधीच्या बाळंतपणात जास्त रक्तस्राव झाला होता का?' याच्यापुढे तू 'नाही' लिहिलंस आणि मी सुईत दोरा ओवायचं नाटक केलं.

ते 'नाही' खोड आणि 'हो' लिही. टेबलावर पहिल्या वेळचं कार्ड ठेवलंय. चार वर्षं ते माझ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनांखाली होतं. एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं, त्यात तुझं रक्त आत्ताही कमीच आहे. डॉक्टरांना आधी कळलं तर ते रक्ताची सोय करून ठेवतील.

गणवेशांची घाई आहे म्हणून मी लवकर दुकानात गेले, असं तुला वाटेल. खरं म्हणजे तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. तू दुसऱ्या वेळेला घाबरशील म्हणून जावयांनाही मीच गप्प बसवलं होतं. त्यांच्यावर चिडू नकोस, माझ्यावर चीड.

तेव्हा मी सांगितलं तशी तुला नुसती चक्कर आली नव्हती गं. तीन बाटल्या रक्त चढवलं होतं. त्या दिवशी तू आमच्या हातून गेलीच होतीस.

आई