छपरापर्यंत न पोचलेली भिंत

प्रिय आई,

हे पत्र तुला आत्या वाचून दाखवते आहे. आत्या, सावकाश वाच, आणि हसू आलं तर आधी वाक्य पुरं कर, मग हस. फोनवर हे सांगून पाहिलं होतं. पण मी "कंपालाला ये" म्हटलं की, आई, नेमकी तेव्हाच तुझी शेळी दावं तोडून पळते आणि तुला फोन ठेवावा लागतो. पत्र मध्येच ठेवून दिलं तरी ते पुन्हा उघडता येतं, म्हणून लिहायला बसले.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. सासूनं जावयाच्या समोर यायचं नाही, त्याला शिवायचं नाही, त्याच्या छपराखाली झोपायचं नाही, नाहीतर हातापायांना कापरं भरतं. आणि आमचं घर म्हणजे एक खोली आणि एक दार. "त्यात मी राहू कुठं, कौलावर?" असं तू गेल्या वेळी म्हणालीस आणि तेव्हापासून आली नाहीस. तू यावंस, आणि चांगली महिनाभर राहावंस, एवढंच मला हवं आहे. कसं जमेल ते खाली लिहिलं आहे. पण आधी तुला खोली नीट सांगते.

आत्या म्हणते, गावात लोक विचारतात, "घरातली पहिली पदवी हिची, आणि राहते कशात, तर एका खोलीत?" त्यांना सांग, हो, एकाच खोलीत, आणि मजेत. लग्न झालं तेव्हा मलाही वाटायचं की शिक्षिकेच्या घरात निदान बैठकीची खोली वेगळी हवी. पण शाळेत मी मुलांना सांगते, हाताशी आहे त्याचा नीट उपयोग करा. मग ते माझ्या घरात आधी दिसायला नको का? तुझ्या जावयानं, कावुमानं, पलंगाचे पाय विटांवर चढवले आहेत. इतके उंच, की मला पलंगावर उडी मारून चढावं लागतं. पण खाली आमचं कोठार आहे: घेवड्याचं पोतं, पातेली, पाण्याचे कॅन, लग्नातली बॅग. मध्ये तारेवर निळा पडदा. पडद्याच्या अलीकडे पाहुणे, पलीकडे आम्ही. पुस्तकांची खोकी रचून वर फळी टाकली आहे, ते आमचं टेबल. सकाळी त्यावर चहा होतो, दुपारी मी वह्या तपासते, संध्याकाळी कावुमाच्या शर्टांची इस्त्री. शेगडी बाहेर वळचणीखाली असते आणि तिच्या शेजारी जुन्या पोत्यांत माती भरून मी पालेभाजी लावली आहे. दिवस कलला की आमच्या खोल्यांच्या रांगेतली मुलं अभ्यासाला पायरीवर येऊन बसतात. जागा पुरत नाही, म्हणून मोठी मुलं धाकट्यांना मांडीवर घेतात आणि मांडीवरची जास्त शिकतात.

आणि मग ती भिंत. आमची आणि शेजारणीची भिंत छपरापर्यंत जात नाही. मालकानं विटा वाचवल्या. शेजारीण म्हणजे नालोंगो. जुळ्यांची आई म्हणून सगळी रांग तिला याच नावानं हाक मारते, खरं नाव तिला स्वतःलाच आठवावं लागतं. नवरा गेला, जुळी पोरं जिंजाला कामाला, ती एकटी असते. तिनं दिवा लावला की अर्धा उजेड आमच्याकडे येतो. आमच्याकडे शेंगदाण्याची आमटी उकळली की वरून आवाज येतो, "मीठ घालायचं राहिलं का गं? वास तर तसाच येतोय." आमचं दोघांचं भांडण सुरुवातीला कुजबुजत चालायचं. एकदा ती म्हणाली, "कावुमा, चूक तुझी आहे. आता दोघं जेवा." तेव्हापासून आम्ही मोकळ्या आवाजात भांडतो, निकाल लवकर लागतो. या भिंतीची मला फार लाज वाटायची. तू आलीस त्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी तू न कळवता आलीस. कावुमा दुपारपाळीला छापखान्यात जायचा होता, जेवायला बसला होता. बाहेरून तुझा आवाज आला, "रेस्टी, आहेस का गं?" आणि तो उकडलेल्या केळ्यांच्या मटोक्याचा घास हातात तसाच धरून पलंगाच्या आडोशाला गेला. तू केळीचा घड उतरवलास आणि दारात ऐसपैस बसलीस. तेवढ्यात पाऊस कोसळायला लागला, अंगणातून पाणी वाहायला लागलं. तुला बाहेर जाता येईना, त्याला बाहेर पडता येईना, आणि मी मधोमध हसऱ्या चेहऱ्यानं तुला चहा देत होते. तू शेळीचं सांगितलंस, चर्चच्या नव्या घंटेचं सांगितलंस. मग आडोशामागून शिंक आली. "कोण शिंकलं?" तू विचारलंस. मी म्हटलं, "नालोंगो." पलीकडून नालोंगो म्हणाली, "मी नाही शिंकले."

तू डोक्यावरून कापड ओढून घेतलंस आणि पाठ फिरवून बसलीस. पाठ फिरवली तरी दार तुझंच होतं. तुझ्या अंगाला न शिवता तिथून मांजरही गेलं नसतं. कावुमाच्या पाळीची वेळ टळत चालली होती. तेव्हा वरून नालोंगो म्हणाली, "अरे बाबा, मालकानं एवढ्या विटा वाचवल्या त्या कशासाठी? चढ की." तो टेबलावर चढला, टेबलावरून भिंतीवर, आणि पलीकडे तिच्या निवडून ठेवलेल्या घेवड्याच्या परातीत पडला. मग पलीकडून त्याचा अगदी सभ्य आवाज आला, "सासूबाई, प्रवास कसा झाला?" तूही कापडाआडून तितक्याच सभ्यपणे म्हणालीस, "बरा झाला, जावईबापू. लागलं का कुठं?" "नाही, घेवड्यावर पडलो." "मग तो पुन्हा निवडून द्या बाईंना." पाऊस थांबेपर्यंत तुम्ही दोघं कॉफीच्या झाडांवरच्या किडीबद्दल बोलत होता. मी लग्नानंतर तुम्हा दोघांना पहिल्यांदाच एकमेकांशी बोलताना ऐकलं. छापखान्यात तो उशिरा पोचला, पण खुशीत होता. आणि तू मात्र संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस.

नंतर मी तुला फोनवर समजवायला गेले की कापरं भरतं वगैरे काही नसतं, हात कापतात त्याची कारणं वेगळी असतात. तू म्हणालीस, "तुझ्या पुस्तकात तुझी आई लिहिलेली नाही." मला राग आला होता. अजूनही मला वाटतं की माझं खरं आहे. पण कावुमा म्हणाला, "तू जिंकलीस तरी त्या येणार नाहीत. खोलीत काय करता येतं ते बघ." मग मी आत्याला विचारलं, कारण आपल्या घरात या बाबतीत तिच्या शब्दापुढे कुणी जात नाही. ती म्हणाली, "आमची आजी तिच्या जावयाशी जन्मभर बोरूच्या कुडाआडून बोलली. मध्ये भिंत असली म्हणजे झालं. ती छपराला टेकायला हवी असं कुणी सांगितलंय?" आत्या, हे तुझेच शब्द आहेत, वाचताना बदलू नकोस.

तर ठरलंय असं. तू असशील तेवढे दिवस कावुमा नालोंगोच्या खोलीत राहील आणि नालोंगो आमच्याकडे. म्हणजे बायकांचं घर अलीकडे आणि जावयाचं पलीकडे, छप्पर एक असलं तरी दारं दोन. पलंगाखालच्या विटा आम्ही काढल्यात, तुझे पाय जमिनीला टेकतील. कोठार पलीकडे गेलं. तू पलंगावर, मी आणि नालोंगो चटईवर. ती म्हणते, "आईला सांगून ठेव, मी घोरते." कावुमा अंगणातून जाताना मोठ्यानं गात जाईल, म्हणजे तुला कापड ओढायला वेळ मिळेल. तो बेसूर गातो, त्याला इलाज नाही. आम्ही दोन दिवस असं राहून पाहिलं. सगळं जमलं. फक्त कावुमानं भिंतीवरून तीनदा आमटी मागितली, आणि नालोंगोनं त्याला सांगितलं की सासूसमोर एवढी मागत जाऊ नकोस.

आई, आता ते सांगते ज्यासाठी हे सगळं लिहिलं. जाताना तू म्हणालीस, "निळा पडदा शोभतो गं खोलीला." निळा पडदा त्या दिवशी धुवायला टाकला होता, तिथं पिवळी चादर टांगलेली होती. निळ्याचं तुला मी फोनवर सांगितलं होतं. नालोंगो दारात आली तेव्हा तिचा हात धरून तू म्हणालीस, "रेस्टी, किती वाळलीस." ती माझ्या दुप्पट आहे. तिनं तुला काही सांगितलं नाही, मला सांगितलं. एवढा वेळ तू माझ्या घराच्या दारात बसलीस आणि घर तुला दिसलंच नाही, म्हणून वर एकेक वस्तू लिहिली. तू जावयाला घाबरत नाहीस, डोळ्यांचं कळलं तर मी डॉक्टरांकडे नेईन याला घाबरतेस, हे मला कळायला बराच वेळ लागला. मी इथल्या डॉक्टरांशी बोलले आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे असं त्यांना वाटतं, तपासून आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करतील, मग दुसऱ्याचं. येत्या सोमवारची वेळ मिळाली आहे. आत्या शनिवारी तुला गाडीत बसवून स्वतः सोबत येणार आहे, शेळी शेजाऱ्यांकडे राहील. भीती वाटत असेल तर वाटू दे, तशीच ये. मी पूर्ण वेळ तुझा हात धरून बाहेर आणि आत, जिथपर्यंत सोडतील तिथपर्यंत असेन. आणि पट्टी काढल्यावर घरी आलीस की दारात बसायचं नाही, आत यायचं, पलंगावर बसायचं, आणि चारही बाजूंना नीट बघून मला सांगायचं, खोली कशी आहे ते. जे दिसेल ते खरं सांग.

तुझीच,
रेस्टी